किती दिवसांपासून?

डोकं सारखं जड असतं. रात्री झोप लागत नाही, लागलीच तर पहाटे तीनला डोळे उघडतात ते उघडेच. छातीत धडधडतं, ईसीजी मात्र अगदी व्यवस्थित. पोट बिघडलेलं, कंबर धरलेली, अंगात त्राण नाही. मनाचे नेहमीचे आजार क्लिनिकच्या दारात येतात ते बहुतेक अशाच तक्रारी घेऊन. “मला डिप्रेशन आलंय” असं सरळ सांगणारेही येतात, पण शरीराची तक्रार पुढे करून तिच्यामागे उभं राहणारं मन फार वेळा भेटतं. समोर बसलेल्या नर्स प्रॅक्टिशनरच्या, म्हणजे जास्तीचं शिक्षण घेऊन स्वतः तपासणी आणि निदान करणाऱ्या परिचारिकेच्या, हाताशी असतात जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, रक्तदाबाचं यंत्र आणि एक साधा प्रश्न: हे किती दिवसांपासून होतंय?

या प्रश्नाला मी फार मोठं मानते. रक्त तपासून डिप्रेशन सापडत नाही, मेंदूचा एमआरआय काढून पॅनिक दिसत नाही. निदान उभं राहतं ते लक्षणं, त्यांची तीव्रता, रोजच्या जगण्यात आलेला अडथळा आणि काळ या चार गोष्टींवर. त्यातला काळ घाईगर्दीत सगळ्यात आधी हातातून सुटतो. डीएसएम, म्हणजे मानसिक आजारांच्या निकषांचा अमेरिकी ग्रंथ, उघडून पाहिलं तर जवळपास प्रत्येक आजाराला मुदत घातलेली दिसेल. डिप्रेशनला दोन आठवडे. मेनियाला, म्हणजे मूड बेफाम चढण्याला, सात दिवस; हायपोमेनिया या त्याच्या सौम्य रूपाला सलग चार. आघातानंतर तीन दिवसांपासून महिन्यापर्यंत जे चित्र दिसतं त्याला तीव्र तणावाचा विकार म्हणतात, महिना उलटला तरी टिकलं तर पीटीएसडी. जनरलाइज्ड अँग्झायटीला, म्हणजे सगळ्याच गोष्टींच्या सततच्या चिंतेला, सहा महिने. एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात. मुदत न विचारता केलेलं निदान म्हणजे अंदाज, आणि त्या अंदाजावर लिहिलेली गोळी माणूस पुढे कित्येक महिने घेत राहतो.

नर्स प्रॅक्टिशनर ही भूमिका १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात आकाराला आली. लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी ती लहान मुलांच्या आरोग्यासाठी सुरू केली. पुढे ती कितीतरी शाखांत आणि देशांत पसरली. निदान करण्याचे, औषध लिहिण्याचे अधिकार ठिकाणानुसार बदलतात, त्यामुळे आपल्या परवान्याची हद्द ज्याने त्याने नेमकी माहीत करून घ्यायलाच हवी. मानसोपचारातलं खास शिक्षण घेतलेले नर्स प्रॅक्टिशनर वेगळे. मी लिहितेय ते मुख्यतः सर्वसाधारण प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी, ज्यांच्याकडे रक्तदाब, साखर आणि उदास मन एकाच दिवशी एकामागोमाग येतात. त्यांच्याकडे एक मोठी सोय असते. पेशंट त्यांना पुन्हा पुन्हा भेटतो. मार्चमध्ये साखर दाखवायला आलेला माणूस कसा बोलत होता आणि जूनमध्ये कसा बोलतोय, हे त्यांना दिसतं.

मोजपट्टीपासून सुरुवात करू. पीएचक्यू-९ या डिप्रेशनच्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे. प्रत्येकाला ‘अजिबात नाही’ला ० ते ‘जवळपास रोज’ला ३ गुण, एकूण ० ते २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम-तीव्र, वीसपासून तीव्र. २००१ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि दहा हा आकडा ‘इथे थांबून नीट पाहा’ असं सांगणारा ठरला. पण गुण म्हणजे निदान नव्हे. चौदा गुण घेऊन आलेल्या तिघांपैकी एकाचा थायरॉइड मंदावलेला असतो, दुसरा रोज रात्री पितो, तिसऱ्याला खरोखर डिप्रेशन असतं, आणि कागद तिघांचाही सारखाच दिसतो. डिप्रेशन म्हणायला नऊपैकी पाच लक्षणं लागतात आणि त्यात उदास मन किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक तरी लागतंच.

या कागदाच्या तळाशी एक प्रश्न असतो, ज्याला गुण नाहीत: या त्रासामुळे काम करणं, घर सांभाळणं, लोकांशी वागणं किती अवघड झालंय? बरेच जण तो कोरा सोडतात आणि बरेच तपासणारेही त्याकडे पाहत नाहीत. मला तोच सगळ्यात बोलका वाटतो. कागद कोणी भरला हेही विचारावं. नवऱ्याने बायकोचा भरून दिला असेल तर तो नवऱ्याचा अंदाज झाला. आणि काहीही झालं तरी पेशंट खोलीतून उठायच्या आत नववा प्रश्न वाचलेला असलाच पाहिजे. तो जीव संपवण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कागद फाइलला लागला आणि संध्याकाळी कुणाचं तरी त्या ‘जवळपास रोज’वर लक्ष गेलं, तोवर माणूस घरी पोचलेला असतो. ही चूक क्लिनिकच्या मांडणीतून होते, म्हणून मांडणीच बदलावी: कागद वाचल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असं धरायचं नाही.

औषधाआधी शरीर पाहावं. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सोडियम, गरज दिसली तर बी-१२, आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईची गर्भचाचणी. घोरण्याबद्दल विचारावं, कारण झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाची दिवसाची सुस्ती आणि चिडचिड हुबेहूब डिप्रेशनसारखी दिसते. चालू औषधांची यादी समोर ठेवावी. स्टेरॉइड मूड दोन्ही दिशांना हलवतात, फिट्सवरचं लेव्हेटिरासिटॅम चिडचिड आणि उदासी आणू शकतं, दम्याच्या इनहेलरने धडधड होते. म्हाताऱ्या माणसाचं वागणं दोन दिवसांत बदललं असेल तर ते मनाचा आजार म्हणून हाताळूच नये. लघवीचा संसर्ग, नवीन औषध, पाणी कमी पडणं यांतून आलेला डिलिरियम, म्हणजे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, आधी शोधावा. इथेही तोच प्रश्न कामी येतो. दिवसांत बदललं तर शरीर, आठवड्यांत बदललं तर मूड, वर्षांत बदललं तर स्मृतिभ्रंश, असा ढोबळ आडाखा मनात ठेवून पुढे तपासायचं.

आता ज्या ठिकाणी सगळ्यात जास्त नुकसान होतं त्याबद्दल जरा सविस्तर. बायपोलर आजाराचा, म्हणजे कधी उदासी तर कधी चढलेला मूड असणारा, माणूस मदत मागतो तो बहुधा उदासीच्या काळात. चढलेल्या मूडमध्ये त्याला बरंच वाटत असतं, मग तो कशाला येईल? त्यामुळे समोर डिप्रेशनच दिसतं, नुसतं अँटिडिप्रेसंट लिहिलं जातं आणि काही जणांचा मूड त्यावर उसळतो. झोप उडते, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले जातात. काही जण त्याहून वाईट अवस्थेत जातात: मन काळवंडलेलं आणि अंगात मात्र अस्वस्थ जोर. ही मिश्र अवस्था आत्महत्येच्या दृष्टीने फार धोक्याची.

“कधी खूप आनंदी वाटलं होतं का?” असं विचारलं तर कुणीही हो म्हणेल. विचारायचं ते झोपेवरून. “असे सलग काही दिवस कधी आले होते का, की तुम्ही दोन-तीन तासच झोपलात आणि तरी दुसऱ्या दिवशी थकवा नव्हता, उलट अंगात नेहमीपेक्षा जास्त जोर होता?” निद्रानाशाचा माणूस कमी झोपतो आणि दिवसभर गळून जातो, तर हायपोमेनियात झोपेची गरजच कमी होते. उत्तर ‘हो’ आलं तर पुढे जायचं. किती दिवस चाललं? त्या दिवसांत तुम्ही वेगळे वागताय असं घरच्यांच्या लक्षात आलं होतं का? बोलणं, खर्च, गाडी चालवणं, नवीन बेत, शरीरसंबंध यांत काही वाढलं होतं का? दारू किंवा कुठला पदार्थ घेतला होता का? घरात कुणाला बायपोलर आहे का? पहिली उदासी किती लहान वयात आली? आधी एखाद्या अँटिडिप्रेसंटवर बेचैनी वाढली होती का? मूड डिसऑर्डर क्वेश्चनेअरमध्ये तेरा प्रश्न आहेत. त्यांतली सात ‘हो’ उत्तरं, ती लक्षणं एकाच काळातली असणं आणि त्यातून बऱ्यापैकी त्रास झालेला असणं, एवढं जुळलं की चाचणी पॉझिटिव्ह. पण हायपोमेनियाचे दिवस माणसाला आयुष्यातले चांगले दिवस म्हणून आठवतात, त्यामुळे कागदावर ते निसटतात. पेशंटची परवानगी घेऊन बायको, भाऊ, आई यांच्याशी पाच मिनिटं बोललं की बरेचदा सगळं चित्र उलगडतं.

शंका पक्की असेल तर नुसतं अँटिडिप्रेसंट सुरू करू नये, मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं. बायपोलर उदासीसाठी क्वेटियापिन, ल्युरासिडोन, लिथियम, लॅमोट्रिजिन अशी वेगळी वाट आहे. लॅमोट्रिजिनची वाट तर मुद्दाम संथ ठेवलेली आहे: पहिले दोन आठवडे २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०, मग हळूहळू वर. घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा, स्टीव्हन्स-जॉन्सनचा धोका वाढतो. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर हा वेग आणखी निम्मा करावा लागतो. आणि मध्ये पाचेक दिवस गोळी चुकली तर पुन्हा पहिल्या पायरीपासून. हे पेशंटला आधी सांगितलेलं नसलं, तर प्रवासात गोळ्या विसरलेला माणूस परत येऊन एकदम २०० मिलिग्रॅम घेऊन मोकळा होतो. व्हॅल्प्रोएट मूल होण्याच्या वयातल्या बाईला शक्य तेवढं टाळावं, कारण गर्भाच्या मज्जारज्जूवर आणि पुढे बुद्धीच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो.

बायपोलर नाही अशी बऱ्यापैकी खात्री झाली आणि साधं डिप्रेशन आहे, तर पहिली निवड सहसा एसएसआरआय, म्हणजे मेंदूतलं सेरोटोनिन वाढवणारी अँटिडिप्रेसंट. सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅमपासून २०० पर्यंत, एस्सिटालोप्राम १० पासून २० पर्यंत. वृद्ध किंवा फार घाबरा माणूस असेल तर सुरुवात निम्म्यावर. सिटालोप्राम साठीनंतर २० च्या पुढे नेऊ नये, कारण ईसीजीतला क्यूटी हा काळ लांबतो आणि हृदयाचा ठेका बिघडू शकतो. गोळी-गोळीतला परिणामाचा फरक फारसा नाही. निवड ठरते ती माणसावरून: आधी कशाचा गुण आला होता, रक्ताच्या नात्यातल्या कुणाला कशाचा आला, इतर आजार कोणते. भूक मेलेली आणि झोप उडालेली असेल तर रात्री मिर्टाझापिन १५ मिलिग्रॅम. थकवा जास्त, सिगारेट सोडायचीय, लैंगिक दुष्परिणाम नकोत, तर बुप्रोपियॉन. पण फिट्सचा इतिहास किंवा खाण्याचा विकार असेल तर ते अजिबात नाही. जुनी वेदना सोबत असेल तर ड्युलोक्सेटिन. व्हेनलाफॅक्सिन दिलं तर रक्तदाब मोजत राहावं.

गोळी लिहिण्याइतकंच महत्त्वाचं असतं ती हातात देताना बोललेलं. मी त्या दोन मिनिटांना औषधाचाच भाग समजते. बोलायचं ते साधारण असं: “पहिल्या आठवड्यात मळमळेल, डोकं दुखेल, पोट सैल होईल, थोडी बेचैनीही वाटेल. बहुतेकांचं हे एक-दोन आठवड्यांत निवळतं. गोळी काही खाऊन घ्या. झोप उडाली तर सकाळी घ्या, सुस्ती आली तर रात्री. मनाला उभारी यायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्याआधी घरच्यांना फरक जाणवेल. शरीरसंबंधात अडचण आली तर लाजू नका, मला सांगा, उपाय आहेत. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. आणि झोपच लागेनाशी झाली, फार चिडचिड सुरू झाली किंवा जीव द्यायचे विचार वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.” शेवटचं वाक्य पंचविशीच्या आतल्यांना तर आवर्जून सांगायचं. अमेरिकेच्या एफडीएने २००४ मध्ये मुलांसाठी दिलेला ठळक इशारा २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंत वाढवला, तो याच सुरुवातीच्या आठवड्यांसाठी. हे बोलणं झालं नाही तर मळमळ सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी गोळी सुटते, आणि पुढच्या भेटीत ‘औषध लागू पडलं नाही’ अशी नोंद होते.

एक-दोन आठवड्यांत फोन किंवा भेट, चौथ्या आठवड्याला पुन्हा पीएचक्यू-९. पाच गुणांची घट म्हणजे खरा फरक पडतोय. निम्म्याने घट म्हणजे प्रतिसाद. पाचच्या खाली गेलं म्हणजे माणूस लक्षणमुक्त, आणि ध्येय तेच ठेवायचं. नेहमी दिसणारा दोष असा की सर्ट्रालिन ५० वर सुरू होतं, गुण एकोणिसावरून तेरावर येतात, पेशंट ‘बरंय’ म्हणतो आणि तोच डोस दोन वर्षं रिपीट होत राहतो. तेरा म्हणजे बरं नव्हे. चार आठवड्यांत फारसा फरक नसेल तर डोस वाढवावा, कमाल डोसवर पुरेसे आठवडे जाऊनही काही नसेल तर औषध बदलावं. त्याआधी मात्र विचारावं: रोज घेतलं का? मध्ये किती दिवस चुकलं? दारू चालू आहे का? निदानच चुकलं नाही ना? पहिल्याच औषधावर पूर्ण बरे होणारे साधारण तिघांत एक असतात. हे पेशंटला आधी सांगितलं तर पहिलं औषध अपुरं पडल्यावर तो स्वतःला दोष देत नाही.

गोळीसोबत बोलण्याचे उपचार हवेतच. मध्यम डिप्रेशनला सीबीटीसारखी, विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी एकटीही औषधाच्या तोडीची ठरते. थेरपिस्ट मिळायला वेळ लागणार असेल तर क्लिनिकमध्येही दहा मिनिटांत एक गोष्ट सुरू करता येते. मन लागेल तेव्हा करीन, हा क्रम उलटा करायचा. पूर्वी आवडणारं एक छोटं काम निवडायचं, त्याचा वार आणि वेळ ठरवायची, कागदावर लिहायची. ‘व्यायाम करा’ हा सल्ला हवेत विरतो. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला दहा मिनिटं चालायचं’ हे पुढच्या भेटीत विचारता येतं.

वयस्कर पेशंटला एसएसआरआय दिलं, त्यातून सोबत थायझाइडची (रक्तदाबावरची) गोळी असेल, तर दोन ते चार आठवड्यांत सोडियम तपासावं. गोंधळ, तोल जाणं, पडणं याचं मूळ तिथे असू शकतं. वेदनाशामक किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सोबत असतील तर पोटातल्या रक्तस्रावाचा विचार हवा. सेरोटोनिन आणखी वाढवणारं ट्रॅमाडॉल (वेदनाशामक) किंवा लिनेझोलिड (अँटिबायोटिक) कुणी दुसऱ्याने सुरू केलंय का, हे दर वेळी पाहावं. थरथर, घाम, जुलाब, अस्वस्थता घेऊन कुणी आलं तर पाऊल हातात घ्यावं, पंजा झटकन वर दाबून तसाच धरावा. पाऊल आपोआप ठेक्यात उडत राहिलं तर तो क्लोनस. सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे सेरोटोनिनचा अतिरेक, समजून औषधं थांबवायची आणि तातडीने रुग्णालयात पाठवायचं.

अँग्झायटीत जीएडी-७ ही प्रश्नावली वापरतात. सात प्रश्न, ० ते २१ गुण, दहाला थांबून पाहायचं. पॅनिक अटॅक काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि माणूस हार्ट अटॅक समजून इमर्जन्सीत धाव घेतो. ईसीजी आणि टीएसएच एकदा नीट करून घ्यावं, मग मात्र तपासण्यांची रांग लावू नये. प्रत्येक नवी तपासणी ‘काहीतरी असेलच’ हा संशय पक्का करत जाते. त्यापेक्षा शरीरात काय घडतं ते सांगावं. भीतीने श्वास वाढतो, वाढलेल्या श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि त्यामुळे बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. मुंग्या येण्याचं कारण कळलं की मुंग्यांची भीती कमी होते. पॅनिकमध्ये एसएसआरआय नेहमीच्या निम्म्या डोसवर सुरू करायचं, सर्ट्रालिन २५ वर, कारण सुरुवातीची बेचैनी या माणसांना अटॅकसारखीच वाटते आणि ते गोळी फेकून देतात. आठवड्याने ५० करावं.

अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम या बेंझोडायझेपिन गटातल्या शामक गोळ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. क्वचित, थोड्या दिवसांसाठी, शेवटची तारीख ठरवूनच. अर्ध्या तासात मिळणारा आराम माणसाला शिकवतो की मी गोळीशिवाय तरणार नाही. काही आठवड्यांत शरीर सरावतं, वृद्ध पडतात, ओपिऑइडसोबत (अफूच्या जातीच्या वेदनाशामकांसोबत) श्वास मंदावतो. पण वर्षानुवर्षं घेणाऱ्याची गोळी एका भेटीत बंद करणं हा त्याहून मोठा अपराध आहे, कारण त्याने फिट येऊ शकते. दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के, माणूस सांगेल तिथे थांबत, असं उतरवायचं. यात वर्ष गेलं तरी चालेल.

जीव द्यायच्या विचारांबद्दल विचारायला नवी माणसं कचरतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. आडवळणाने मात्र विचारू नये. “तसलं काही मनात नाही ना?” या प्रश्नात ‘नाही’ हे उत्तर आधीच भरवलेलं असतं. पायरीपायरीने उतरावं. झोपलो ते उठूच नये, असं वाटतं का? स्वतःचा जीव घ्यायचा विचार आला का? कसा, याचा विचार केलात का? ते साधन हाताशी आहे का? कधी करायचं ते ठरवलंय का? आधी कधी प्रयत्न केला होता का? आवाज सपाट नको आणि घाबराही नको, रक्तदाब विचारतो त्याच गंभीरपणाने विचारावं. बेत आहे, साधन आहे आणि ते वापरायचा इरादा आहे, तर माणसाला एकटं सोडायचं नाही. त्याच क्षणी इमर्जन्सी.

विचार आहेत पण इरादा नाही, अशा माणसासोबत स्टॅन्ली आणि ब्राउन यांनी मांडलेला सुरक्षा आराखडा बसून लिहावा. धोक्याची पूर्वचिन्हं, एकट्याने करता येतील अशा गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, ज्यांना मदत मागता येईल अशी जवळची माणसं, तज्ज्ञ आणि हेल्पलाइनचे नंबर, आणि घरातली साधनं दूर करणं. हे सगळं पेशंटच्या शब्दांत, पेशंटच्या अक्षरात. ‘मी असं करणार नाही’ असं लिहून घेतलेल्या वचनाला काडीचा आधार नाही. आराखड्यातली शेवटची पायरी, साधनं दूर करणं, सगळ्यात जास्त जीव वाचवते. आत्मघाताची लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. म्हणून गोळ्या एका आठवड्याच्याच द्याव्यात, घरातल्या कुणाच्या तरी ताब्यात ठेवाव्यात, आणि अॅमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं, जी जास्त घेतल्यास हृदय बंद पाडतात, अशा माणसाच्या हाती देऊच नयेत.

दारूबद्दल ऑडिट-सी चे तीन प्रश्न प्रत्येक उदास पेशंटला. पिणं थांबवून महिनाभर झाला की बऱ्याच जणांची उदासी आपोआप उतरते, म्हणून तिथेही थांबून मोजायला हवं. पण रोज भरपूर पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ असं सांगून घरी पाठवू नये. सहा तासांपासून थरथर, पहिल्या दोन दिवसांत फिट, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे थरथर आणि भासांसह जीवघेणा गोंधळ, असा तो घसरत जाऊ शकतो. पूर्वी असं झालं असेल तर दारू सोडवणं रुग्णालयातच, थायमिन देऊन. नंतरची ओढ कमी करायला नॅलट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम चांगलं; मात्र त्याआधी सात ते दहा दिवस कुठलंही ओपिऑइड पोटात गेलेलं नसावं.

काही गोष्टी थोडक्यात. ओसीडीला, म्हणजे नकोसे विचार आणि त्यापोटी पुन्हा पुन्हा केलेल्या क्रियांच्या आजाराला, एसएसआरआयचा डोस मोठा लागतो आणि वाट आठ ते बारा आठवडे बघावी लागते. भीतीला सामोरं जाऊन क्रिया रोखण्याची थेरपी तितकीच मोलाची. आपल्याच बाळाला इजा करीन असे नकोसे विचार येतात म्हणून ढासळलेल्या आईला सांगावं लागतं की या विचारांची तिला किळस येते, भीती वाटते, हेच ओसीडीचं लक्षण आहे. मात्र बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झोप पूर्ण उडाली, बोलणं भरकटलं, संशय किंवा भास सुरू झाले, तर ती बाळंतपणानंतरची सायकोसिस (वास्तवाशी नातं तुटणं), त्याच दिवशी भरती. पीटीएसडीला आघातावर काम करणारी थेरपी पहिली, सर्ट्रालिन किंवा पॅरोक्सेटिन सोबतीला, आणि बेंझोडायझेपिन टाळायचं. एडीएचडीची गोळी सुरू करण्याआधी रक्तदाब, नाडी, घरातल्या अचानक हृदयमृत्यूंची चौकशी. झोप, दारू आणि अँग्झायटी आधी हाताळायच्या. पहिल्यांदाच आलेली सायकोसिस तज्ज्ञांकडे लवकर पोचली पाहिजे, तिथे आठवडे घालवू नयेत.

तज्ज्ञांनी सुरू केलेली औषधं पुढे सांभाळायला मात्र याच क्लिनिकमध्ये येतात. अँटिसायकोटिक, म्हणजे सायकोसिसवरची औषधं, घेणाऱ्या माणसाचं वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि चरबी सुरुवातीला, बारा आठवड्यांनी आणि मग दर वर्षी पाहावी. लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी काढायची, डोस बदलल्यावर पाच-सात दिवसांनी. दीर्घकाळ ती साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये ठेवतात. सोबत क्रिएटिनिन, टीएसएच, कॅल्शियम. रक्तदाबासाठी थायझाइड किंवा एसीई इनहिबिटर सुरू केलं, गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन दिलं, जुलाबाने पाणी कमी झालं, की पातळी चढते. हात जास्त थरथरू लागले, जीभ जड झाली, चाल बिघडली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त.

आणि औषध बंद करणं. पहिल्या डिप्रेशननंतर माणूस लक्षणमुक्त झाल्यावर गोळी सहा ते बारा महिने चालू ठेवतात, वारंवार उलटणाऱ्या आजारात दोन वर्षं किंवा जास्त. बंद करताना आठवडे-महिने लावून पायरीने उतरायचं. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन सोडताना जास्त त्रास होतो, फ्लुओक्सेटिन रेंगाळत जातं म्हणून कमी. गरगरणं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, विचित्र स्वप्नं, रडू येणं, हे सगळं डोस उतरवल्यावर काही दिवसांतच सुरू झालं तर बहुधा ते सोडण्याची लक्षणं असतात. आधीच्या डोसवर परत नेलं की लवकर ओसरतात आणि मग उतार अधिक संथ करता येतो. आजार उलटला तर तो सहसा काही आठवड्यांनी, महिन्यांनी, हळूहळू, पहिल्यासारख्याच चेहऱ्याने येतो. दोन्हींतला फरक तारखेवरून कळतो. म्हणून डोस कमी केल्याचा प्रत्येक दिवस चार्टच्या पहिल्या पानावर लिहावा, पेशंटलाही त्याच्या फोनमध्ये नोंदवायला सांगावा, आणि शेवटच्या गोळीनंतर एक, तीन आणि सहा महिन्यांच्या भेटी त्याच दिवशी ठरवून टाकाव्यात.